टाचेखालचं तळं

आश्विन लागला की गुलमंडीच्या आसपास हातगाड्यांवर शिंगाडे दिसायला लागतात. ओल्या तरटाखाली झाकलेले, काही हिरवे, काही लालसर, आणि बाजूच्या घमेल्यात उकडून काळे झालेले. भाजी आणायला म्हणून निघालेली मी तिथं अडकते. एकेक उचलायचा, त्याच्या शिंगांवरून बोट फिरवायचं, देठाची जागा बघायची. परवा गाडीवाला वैतागला. म्हणाला, "अम्मा, लेना है तो लेव. हर साल आतीं, घंटाभर देखतीं, पावभर लेतीं." खोटं नव्हतं त्याचं. मी म्हटलं, "बाबा, आता जास्त पचत नाहीत मला. पण बघायला काय जातंय तुझं?" तो हसला आणि एक शिंगाडा सोलून माझ्या हातावर ठेवला. तो कच्चा, पाणचट, जरासा दुधाळ गोडवा दाताखाली आला आणि भर रस्त्यात, रिक्षांच्या कलकलाटात, मी एका तळ्यावर जाऊन पोचले. त्या तळ्याला तेव्हा वाट नव्हती. आता झाली असेल तर मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर झाली नसावी असंच वाटतं.

बहात्तरच्या दुष्काळाचं शेपूट अजून वळवळत होतं तेव्हा मला नोकरी लागली. सोयगावच्या पुढं, अजिंठ्याच्या डोंगराला टेकलेलं गाव, दोन खोल्यांची शाळा, आणि बावीस वर्षांची मी शाळेची बाई. औरंगाबादला नळाखाली वाढलेली. आमच्या आईनं मला निरोप देताना दोनच गोष्टी बजावल्या होत्या. एक, ज्यांच्या घरात राहशील त्यांच्या रीतीभातीत नाक खुपसू नकोस. दोन, कुणाचं भांडं वापरायला आणलंस तर लख्ख घासल्याशिवाय परत देऊ नकोस. पहिली मी बऱ्यापैकी पाळली. दुसरी पाळायला गेले आणि दोन जीव गोत्यात आणले.

भोईवाड्यात किसनदादा आणि गयाबाई असं जोडपं होतं. त्यांच्या घराची पुढची खोली मला मिळाली. किसनदादा शांत, हसरा, दिवसातून चार वाक्यं बोलणारा. गयाबाई तिशीची, उंच, सडसडीत आणि तोंडानं तिखट. पहिल्याच दिवशी माझी ट्रंक उचलून आत ठेवताना म्हणाली, "बाई, दगडं शिकवायची हायत का पोरांला?" आत पुस्तकं होती. मला राग आला होता. आता वाटतं, त्या ट्रंकेतलं निम्मं खरंच दगडासारखं होतं.

त्यांच्या माजघरात, कोपऱ्यात, फडक्यानं तोंड बांधलेला एक माठ होता. जूनचे दिवस. पाऊस नाही. विहिरीत दिवसाला गुडघाभर झरायचं आणि त्यावर सगळा गाव तुटून पडायचा. गयाबाई पहाटे रांगेत उभी राहून दोन घागरी आणायची. त्यातला एक तांब्या ती रोज न चुकता त्या माठात ओतायची, हळू, धार लावून. मला वाटलं, देव असणार. नाक खुपसायचं नाही म्हणून आठवडाभर गप्प बसले. शेवटी राहवेना. विचारलं, "वैनी, कोणता देव आहे आत?"

"देव कुठला बाई, बी हाय. शिंगाड्याचं."

तिनं फडकं सोडून दाखवलं. तळाशी गढूळ पाण्यात काळे, शिंगांचे, चिखलाळलेले शिंगाडे बसले होते. शिंगाड्याचं बी सुकलं की मेलं. ते ज्वारीसारखं कणगीत टाकून विसरता येत नाही, पुढच्या लावणीपर्यंत ओलं ठेवावं लागतं. आसपासच्या सगळ्या गावांची तळी तडकली होती, सगळ्यांचं बी गेलं होतं. ह्या एका माठातलं राहिलं होतं, कारण ही बाई दोन उन्हाळे त्याला पाजत होती. मी म्हटलं, "आणि तुम्ही काय पिता?"

"पितो की उरलंसुरलं. आपल्याला तहान लागली तर बोंबलता येतं बाई. त्याला कुठं बोलता येतंय?"

 त्या दिवसापासून माझ्या वाटच्या पाण्यातला अर्धा तांब्या मी माठात ओतायला लागले. तिनं पाहिलं. त्या संध्याकाळी भाकरीवर ठेचा जरा जास्त आला.

मग पाऊस आला, पुरता आला, आणि किसनदादानं बी लावलं. पण गावतळ्यात नाही. तिथं गुरं शिरायची, म्हशी वेलाचं वाटोळं करायच्या. डोंगरात दोन ओढ्यांच्या बेचक्यात एक तळं होतं, साग आणि सीताफळीच्या रानात. तिथं गुरं जात नव्हती, कारण तिथं जायला वाटच नव्हती. उन्हाळ्यात तेही कोरडं पडायचं, पण पावसाळ्यानंतर दिवाळीपुढंपर्यंत छातीच्या वर पाणी राहायचं. किसनदादा एकटा जायचा. वाळक्या भोपळ्यांची सांगड पोटाशी बांधायचा, तरंगत तरंगत रोपं लावायचा, आणि परत आला की गयाबाई त्याच्या पायाच्या जळवा मिठानं काढायची. तेव्हा दोघं जे हसायचे ते मी माझ्या खोलीतून ऐकायची. दुष्काळ संपला हे मला त्या हसण्यावरून कळलं.

भाद्रपदात तो शेतातल्या राखणीच्या माळ्यावरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधून दीड महिना खाटेवर टाकला. त्याचे दोघं भाऊ दुष्काळात खडी फोडायला नाशिककडं गेले होते, ते तिकडंच राहिले. इकडं आश्विन निम्मा सरत आला. शिंगाडा पिकला की देठाशी सुटतो आणि तळाला जातो. वेचला नाही तर गेला. आणि तळं उन्हाळ्यात तडकलं की चिखलात पडलेलं बीही गेलं. म्हणजे दोन उन्हाळे राखलेलं सगळं आठ-दहा दिवसांत संपणार होतं, आणि वेचणारा खाटेवर पडून आढ्याकडं बघत होता.

"मी जाते," गयाबाई म्हणाली.

किसनदादा म्हणाला, "येडी का काय तू." त्या दिवसातलं त्याचं ते एकच वाक्य.

भोयाच्या बायका शिंगाडे उकडायच्या, बाजारात विकायच्या. पाण्यात उतरणं बाप्यांचं काम. पण गयाबाईनं ते ठरवूनच टाकलं होतं. भोपळ्यांची सांगड किसनदादालाच जमायची, तिला फक्त तरंगायला दुसरं काहीतरी हवं होतं. गुऱ्हाळवाल्या करीमचाचांकडं एक लहान काहील होती. काहील म्हणजे गूळ शिजवायची पसरट कढई. आमच्याकडं पूर आला की लोक तिच्यात बसून नदी पार करायचे, त्यात नवल नव्हतं. ही पातळ पत्र्याची, भट्टीवरून उतरवलेली, बैलांना पाणी पाजायला ठेवलेली. चाचा म्हणाले, "लेके जाव. मैं भी आतूं. मगर पानी में मेरेकू बोलू नको, किनारे पे बैठूंगा." दुसरा माणूस काहिलीत कोण बसणार, हा प्रश्न होता. एकानं वल्हवायचं, एकानं तोडायचं. गयाबाई माझ्याकडं बघतही नव्हती. शेवटी मीच म्हटलं, "रविवारी शाळेला सुट्टी आहे."

आता माझा पराक्रम. शनिवारी संध्याकाळी काहील अंगणात आणून ठेवली. आत राप, काजळी, कडेला शेवाळ. माझ्या डोळ्यापुढं आई उभी राहिली. गयाबाई किसनदादाचा पाय शेकत होती, चाचा घरी गेले होते. मी पदर खोचला, राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि ती काहील अशी घासली की काय सांगू. बुडाशी एक जळक्या गुळाचा खडा चिकटला होता, अंगठ्याएवढा, काही केल्या निघेना. मी खुरपं आणून तो खरवडून काढला. गयाबाई बाहेर आली, बघतच राहिली. म्हणाली, "आरशावानी केली की वो बाई." मला इतकं बरं वाटलं. तिच्याकडून पहिलीच शाबासकी होती ती.

सकाळी निघालो. किसनदादानं खाटेवरून वाट सांगितली. वाट कसली, खुणा. पहिला ओढा डाव्या हाताला ठेवा. जिथं सीताफळी दाट होतात तिथं वर चढू नका, खाली उतरा. जळक्या सागापाशी थांबून कान द्या, पाणकोंबडी ओरडली की त्या अंगाला जा. चाचा पुढं कोयत्यानं गवत तोडत, खांद्यावर पोती आणि काकवी ढवळायची दोन लांब लाकडी उलथणी घेऊन. ती आमची वल्ही. मागून काहील पालथी डोक्यावर घेऊन आम्ही दोघी, पुढं गयाबाई, मागं मी. कमरेएवढं कुसळाचं गवत, लुगड्याला टोचणारं. सागाची पानं किड्यांनी जाळीदार केलेली. सीताफळं फुटून पाखरांनी अर्धी खाल्लेली. ऊन चढलं तसा पत्रा तापला आणि एवढं घासूनही त्याच्या काठातून जुन्या गुळाचा वास सुटला. मधमाश्या येऊन घिरट्या घालायला लागल्या. काहिलीच्या आत बोललेलं घुमायचं. गयाबाईनं आत तोंड करून मला विचारलं, "दमला का बाई?" तर देवळात बोलल्यासारखं ऐकू आलं.

आणि त्या काळोख्या घुमटात माझ्या डोळ्यासमोर एक उजेडाचा ठिपका होता. मसुरीच्या डाळीएवढा. चाललो की तो माझ्या हातावर, पदरावर हलायचा. मला तो फार आवडला. जळक्या सागापर्यंत मी त्याच्याशी खेळत गेले. शिकलेल्या माणसाला अक्कल असतेच असं नाही, हे मी त्यानंतर कधीही वर्गात सांगायला कचरले नाही.

दोनदा चुकलो. एकदा सीताफळीत वर चढलो आणि काहील फांद्यांत अडकून बसली, काढताना चाचांचं पागोटं वर लटकून राहिलं. "टोपी डालके आना था," एवढंच ते म्हणाले. मग पाणकोंबडी ओरडली.

तळं पाहिलं आणि आम्ही तिघं जागीच थांबलो. पाणी दिसतच नव्हतं. काठापासून काठापर्यंत शिंगाड्याची पानं, एकात एक बसलेली, हिरवी, कडेला तांबूस, आणि त्यांच्यावरून लांब बोटांचा एक कमळपक्षी जमिनीवरून चालावं तसा चालला होता. इतकी वर्षं झाली, मी बरीच ठिकाणं पाहिली, लोकांनी बसमध्ये बसवून दाखवलेली तळीही पाहिली. पण जे चालत, ओरखडे खात, डोक्यावर लोखंड घेऊन पाहिलं तेच अंगात राहिलं. गयाबाईनं खाली बसून एक वेल उलटा केला. खाली शिंगाडे लटकत होते. तिनं हात लावला तशी त्यातले दोन सुटून बुडाले. "उद्या आलो असतो तर हे बी नसतं," ती म्हणाली.

गोल भांडं पाण्यावर पुढं जात नाही, गरगर फिरतं. पहिला अर्धा तास मी वल्हवत होते आणि आम्ही जात्यासारख्या जागच्या जागी फिरत होतो. काठावर चाचा पोट धरून हसत होते. मग गयाबाईनंच युक्ती काढली. उलथणं बाजूला घालायचं नाही, समोर बुडवायचं आणि पाणी आपल्याकडं ओढायचं. नाहीतर वेल धरून ओढत जायचं. तसं करत आम्ही मधोमध पोचलो. ती ओणवी होऊन एका हातानं वेल उलटायची, दुसरा हात खाली धरायची. पिकलेला सुटला की तळहातात पडायचा. ते बियाण्याचे, ते वेगळ्या फडक्यात. बाकीचे पोत्यात. शिंगं बोटात रुतत होती, रक्त पाण्यात विरत होतं, आणि ती गुणगुणत होती.

मग माझ्या पायांना गार लागलं.

खाली बघितलं तर बुडाशी पाणी. पोत्याचं निथळत असेल म्हणून मी पुसलं. पुन्हा आलं. बोट लावलं तर तिथं बारीक भोक, आणि त्यातून पाण्याची दोरी वर येतेय. ते भोक नेमकं तिथं होतं जिथं मी जळका गूळ खरवडला होता.  गयाबाईनं बघितलं. काठावरून चाचांनी विचारलं काय झालं, आणि कळल्यावर डोक्याला हात लावला. "या अल्ला. बाईसाब, वो गुड नै था. लाख भरके टाका मारे थे मैं. उसकूच निकाल दिये क्या?"

म्हणजे तो खडा गुळाचा नव्हताच, भोक बुजवायला चाचांनी भरलेली लाख होती. मी रडायला लागले. लाज वाटते सांगायला, पण लागले. मला पोहता येत नव्हतं. मी म्हटलं, "वैनी, परत फिरू. आत्ताच्या आत्ता." फडक्यात बियाण्याचे जेमतेम दोन ओंजळी पडले होते. गयाबाईनं त्या फडक्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग पदराचा काठ दातानं धरून टर्रकन फाडला, त्याची वळी करून भोकावर दाबली आणि म्हणाली, "बाई, इथं टाच ठेवा. दाबून. मी हाय ना."

मी टाच ठेवली.

"आता हलू नका. हलला तर दोघी जाऊ, न हलला तर बी येईल."

आणि ती पुन्हा ओणवी झाली. परत फिरली नाही. एक वेल, दुसरा वेल. मी एका टाचेवर सगळा भार देऊन बसले, एका हातानं काहिलीचा काठ धरून. किती वेळ ते सांगता येत नाही. सूर्य कलायला लागेपर्यंत, एवढं खरं. पायाला मुंग्या आल्या, मग बधिर झाला, मग वाटलं तो पाय माझा नाहीच. टाचेखाली पत्र्याचा एक पापुद्रा आणि त्याखाली सगळं तळं. पाणी झिरपतच होतं, मी दुसऱ्या हातानं प्यायच्या तांब्यानं काढून टाकत होते. भीती वाटत होती, चिकार वाटत होती. पण मध्येच एक खंड्या निळा झपकन गेला आणि मी त्याला बघितलं. भ्यालेल्या माणसालाही निळा रंग दिसतो, ह्याचं मला तेव्हा फार आश्चर्य वाटलं. मी चुकले होते, तिनं मला एका शब्दानं बोल लावला नव्हता, उलट काम दिलं होतं. मला त्यानंतर आयुष्यात बऱ्याच जणांनी माफ केलं, मीही केलं. पण चुकलेल्या माणसाला तिथल्या तिथं कामाला लावून मोकळं करणं मला कधी जमलं नाही. पस्तीस वर्षं शिकवत होते तरी.

फडकं भरलं. दोन्ही पोती निम्मी भरली. ती म्हणाली, "बास. लोभ नको." वेल धरून ओढत काठाला लागलो. चाचा गुडघाभर पाण्यात शिरून आमच्यासाठी उभे होते, धोतर सगळं चिखलात. माझा पाय उतरेना, तर त्यांनी आणि गयाबाईनं मला धरून बाहेर काढलं. काहील उलटी केली तशी पदराची वळी गळून पडली. चाचा त्या लख्ख पत्र्यावर हात फिरवत म्हणाले, "चमक तो बहुत मारे बाईसाब. ऐसी तो नवी थी तब भी नै थी." त्यावर आम्ही तिघं जे हसत सुटलो ते थांबेनाच.

त्या बियाण्यानं पुढच्या वर्षी ते तळं भरलं. त्याच्या पुढच्या वर्षी गावतळ्याला काटेरी कुंपण झालं आणि तिथंही वेल आला. मग शेजारच्या दोन गावांतले भोई येऊन ओंजळ-ओंजळ घेऊन गेले, गयाबाईनं कुणाला नाही म्हटलं नाही. माझी तोवर बदली झाली होती. मी पत्रं लिहायची, किसनदादा कुणाकडून तरी उत्तर लिहवून घ्यायचा, चारच ओळी. शेवटच्या पत्रात गयाबाई गेल्याचं होतं. तेव्हा मी बजाजनगरला मुलाकडं होते. पत्र हातात घेऊन गॅलरीत उभी राहिले. खाली कंपनीची पाळी सुटली होती, माणसं सायकलींवरून घरी चालली होती, आणि त्यातल्या कुणालाही सांगण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. घरातल्यांना म्हटलं, ओळखीची होती. एवढंच म्हटलं, ह्याचा मला अजून राग येतो.

पण त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं.

दिवेलागणीच्या आधी आम्ही घरी पोचलो. गयाबाईनं ते फडकं किसनदादाच्या खाटेवर सोडलं. त्यानं एक शिंगाडा उचलला, देठाची जागा बघितली, दुसरा उचलला.  मी एका दमात सगळं सांगून टाकलं, माझा गूळ, माझं भोक, माझी टाच, मधोमध पाणी पुरुषभर कसं होतं, आणि वैनी होत्या म्हणून मी तरले, मला पोहता येत नाही. त्याचा हात थांबला. त्यानं बायकोकडं पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"गया," तो म्हणाला, "तुला तरी कुठं येतंय?"

मी तिच्याकडं वळले. भोयाची बायको, तिला पोहता येणारच, हे मी न विचारता धरून चालले होते. तिच्या भरवशावर मी दिवसभर त्या पाण्यावर बसले होते. ती माठाचं फडकं सोडत होती. दिवसभर वेल उलटणाऱ्या तिच्या हातांना ती साधी गाठ सुटत नव्हती.

"सांगितलं असतं," ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "तर बाई आल्या असत्या काय?"

मी पुढं होऊन गाठ सोडली.  आले नसते.